२५ मिनिटांचं माप: लहान व्यवसायात टायमर कशासाठी लावायचा?

आठवड्याला किती तास काम करावं, यावर मधूनमधून वाद पेटतो. एखादा मोठा उद्योजक म्हणतो, जास्त तास घाला. दुसरा म्हणतो, घरच्यांनाही वेळ द्या. दोन-चार माणसांचा व्यवसाय चालवणाऱ्यांना हा वाद ऐकून काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात हमखास येतो. त्यांचे तास कुणी मोजतच नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री फोन चार्जिंगला लावेपर्यंत ती माणसं कामातच असतात. तरीही झोपताना विचारलं, "आज काय हातावेगळं झालं?", तर पटकन उत्तर सुचत नाही.

मी लहान व्यवसायांचे हिशेब लिहिते, त्यामुळे हे मला जवळून दिसतं. एक नेहमीचा प्रसंग सांगते. मालक सकाळी दहाला एका मोठ्या ऑर्डरचं कोटेशन करायला बसतो. मालाचे दर, मजुरी, वाहतूक, कर, सगळे आकडे हाताशी आहेत. पाऊण तासाचं काम. तिसऱ्या ओळीला फोन वाजतो: कालचा माल कधी पोचणार? तो बघून सांगतो. परत बसतो तोवर मेसेज येतो: पैसे पाठवलेत, मिळाले का? बँकेचं ॲप उघडलं की तिथं दुसरीच एक नोंद खटकते, तिचा उलगडा करण्यात वीस मिनिटं जातात. मग मदतनीस विचारायला येतो, हे खोके कुठं लावू? कोटेशन जातं दुपारी साडेचारला. वाहतुकीच्या रकान्यात मात्र गेल्या खेपेचाच आकडा राहून गेलेला असतो, कारण तो बदलायला घेतला आणि तेवढ्यात फोन वाजला होता. ऑर्डर मिळते, पण वाहतुकीतला फरक मालकाच्या खिशातून जातो.

या माणसाने दिवसभर अंग चोरलेलं नाही. त्याच्या दिवसाचे तुकडे पडले, आणि एकाही तुकड्यात कोटेशन मावलं नाही. ठरावीक वेळ टायमर लावून काम, मग ठरावीक विसावा, या पद्धतीचा सध्या फार बोलबाला आहे. कमी वेळात जास्त काम उरकायची युक्ती म्हणून ती सांगितली जाते. माझ्या मते लहान व्यवसायाला तिचा सगळ्यात मोठा उपयोग निराळाच आहे, पण तिथं पोचायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

## पद्धत आहे तरी काय

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रांचेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागत नव्हतं. त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला, थोड्या वेळाची चावी दिली आणि तो वाजेपर्यंत पुस्तकातून डोकं वर काढायचं नाही असं ठरवलं. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, म्हणून पुढं या रीतीला 'पोमोदोरो पद्धत' हे नाव पडलं.

रीत सोपी आहे. एकच काम निवडायचं. २५ मिनिटांचा टायमर लावायचा आणि तो वाजेपर्यंत तेच करायचं. वाजला की ५ मिनिटं थांबायचं. अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांचा मोठा विसावा घ्यायचा. "एका बैठकीत संपवलं" असं आपण म्हणतो, त्याच अर्थाने या २५ मिनिटांना मी पुढं बैठक म्हणणार आहे. इथं तिचा मीटिंगशी संबंध नाही.

चिरिल्लोचे दोन नियम लोक विसरतात, आणि नेमके तेच महत्त्वाचे आहेत. पहिला: बैठकीचे तुकडे होत नाहीत. पंधराव्या मिनिटाला उठलात तर ती बैठक मोजायची नाही, नव्याने सुरू करायची. दुसरा: एखादं काम पाच-सात बैठकांहून मोठं वाटत असेल तर ते तोडायचं, आणि दोन-दोन मिनिटांची किरकोळ कामं एका बैठकीत एकत्र बांधायची.

## डोकं सांधा बदलतं तेव्हा

एक प्रयोग आत्ताच करून बघा. कागद घ्या आणि फोनमध्ये वेळ लावा. आधी क ते ञ ही दहा अक्षरं सलग लिहा, मग १ ते १० आकडे सलग लिहा. किती सेकंद लागले ते टिपा. आता तेच, पण आलटून पालटून: क, १, ख, २, ग, ३... अक्षरं तीच, आकडे तेच, हातही तोच. तरी दुसऱ्या वेळी जास्त सेकंद लागतात. सहा-सातच्या आसपास हात क्षणभर अडतो: आता च की छ? डोक्यात मागे जाऊन बघावं लागतं.

आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली अशाच धर्तीचे प्रयोग मांडले होते. लोकांना एकाच तऱ्हेची कामं सलग दिली आणि मग दोन तऱ्हेची आलटून पालटून दिली, की दुसऱ्या वेळी वेळ वाढतो. रेल्वेगाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तेव्हा सांधा बदलावा लागतो आणि गाडीला वेग उतरवावा लागतो. आपलं डोकंही कोटेशनवरून फोनवर आणि फोनवरून बँकेच्या नोंदीवर जाताना सांधा बदलतं. दर सांध्याला थोडा वेग जातो. एका सांध्याचं काही वाटत नाही. दिवसात असे साठ-सत्तर सांधे आले की संध्याकाळी माणूस मोडून पडतो आणि त्याला कारण कळत नाही.

यापुढची गोष्ट जास्त नुकसान करणारी आहे. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की पहिलं काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला तरी त्याच्या लक्षाचा एक भाग पहिल्या कामातच रेंगाळतो, आणि दुसरं काम कमी प्रतीचं होतं. आपल्याकडे "डोक्यात घोळत राहिलं" म्हणतात, ते हेच. बँकेची नोंद डोक्यात घोळत असताना वाहतुकीचा आकडा हातून सुटतो. नंतर त्या माणसाला वाटतं की आपलं लक्षच नसतं. लक्ष असतं, पण दुसऱ्या ठिकाणी अडकलेलं असतं.

"पण मला सवय आहे, मी एका वेळी चार गोष्टी सांभाळतो," असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ साली केलेल्या प्रयोगात तर व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं होतं, दर्जाही घसरला नव्हता. मात्र त्यांनी सांगितलेला ताण, चिडचिड आणि पडलेले कष्ट जास्त होते. म्हणजे व्यत्ययाची भरपाई माणूस घाई करून काढतो. तासाभराच्या प्रयोगात ते जमून जातं. वर्षानुवर्षं रोज दहा तास अशी भरपाई करत राहणाऱ्याचं काय होतं, ते मी हिशेब लिहिताना बघते: सकाळच्या नोंदी स्वच्छ असतात, संध्याकाळच्या नोंदींमध्ये आकडे उलटेपालटे झालेले सापडतात.

## मग मध्ये थांबायचं कशाला?

सलग काम करणं इतकं चांगलं असेल तर २५ मिनिटांनी उठवता कशाला? हा प्रश्न अगदी रास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा सुटू लागल्या. तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या शास्त्रज्ञाने एक साधं यंत्र केलं. पांढऱ्या तबकडीवर एक काटा एकेक पाऊल सरकायचा आणि क्वचित कधी एकदम दोन पावलं उडी मारायचा. ती उडी दिसली की बटण दाबायचं. माणसांना असं दोन तास बसवलं. १९४८ साली त्याने निष्कर्ष छापले: पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या सुटायचं प्रमाण वाढलेलं होतं. माणूस जागा होता, डोळे उघडे होते, पण एकाच गोष्टीवरची नजर मंदावली होती. बिलांचा गठ्ठा तपासणं, मालाची मोजदाद करणं, छपाईआधी मजकूर वाचणं ही कामं त्या काट्याकडे बघण्याच्याच जातीची आहेत.

त्यावर उपाय फार मोठा लागत नाही. आत्सुनोरी आरिगा आणि अलेहांद्रो येरास यांनी २०११ साली लोकांना ५० मिनिटांचं असंच कंटाळवाणं काम दिलं. ज्यांना मध्ये दोनदा अगदी थोड्या वेळापुरतं दुसरं काहीतरी करायला मिळालं, त्यांचं लक्ष शेवटपर्यंत टिकलं. बाकीच्यांचं घसरलं.

तासांच्या वादात पडायची माझी इच्छा नाही, पण एक जुना पुरावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांचे तास आणि त्यांचं उत्पादन यांची बारकाईने नोंद ठेवली गेली होती. जवळपास शंभर वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेंकाव्हल यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. आठवड्याला ७० तास काम झालं तरी एकूण उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. वरचे १४ तास माणसं कारखान्यात उभी होती, राबत होती, आणि त्यातून जवळजवळ काही निघत नव्हतं.

छोट्या ब्रेकची तारीफ करताना एक मर्यादाही सांगायला हवी. १० मिनिटांपर्यंतच्या विसाव्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. अशा विसाव्यांनी तरतरी वाढते आणि थकवा कमी होतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. कामाच्या दर्जात मात्र सरसकट सुधारणा दिसली नाही, आणि डोकं पिळून काढणाऱ्या कामाला १० मिनिटं पुरत नाहीत असंही निघालं. म्हणून चार बैठकांनंतरचा तो मोठा विसावा चैन समजून कापू नका. लोक पहिल्यांदा त्याच्यावरच कात्री चालवतात.

## २५ या आकड्यात जादू आहे का?

नाही. तो एका विद्यार्थ्याला मानवलेला आकडा आहे, पुढं तो रूढ झाला.

२०१४ साली डेस्कटाइम या वेळमोजणीच्या सॉफ्टवेअर कंपनीने जाहीर केलं की तिच्या सर्वाधिक उत्पादक वापरकर्त्यांचा सरासरी क्रम ५२ मिनिटं काम आणि १७ मिनिटं विश्रांती असा आहे. हा आकडा जगभर फिरला. त्याच कंपनीने २०२१ साली पुन्हा मोजलं तर तो ११२ आणि २६ निघाला. माणसाचा मेंदू सात वर्षांत बदलला नाही, बदलली ती कामाची परिस्थिती. असे आकडे लोक काय करत होते ते सांगतात. तुम्ही काय करावं हे त्यातून ठरत नाही.

ठरवून घेतलेले ब्रेक आणि वाटेल तेव्हा घेतलेले ब्रेक यांची तुलना मात्र उपयोगाची आहे. २०२३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ८७ विद्यार्थी होते. काहींनी मनाला येईल तेव्हा ब्रेक घेतले, काहींनी घड्याळाप्रमाणे २४ मिनिटं अभ्यास आणि ६ मिनिटं विसावा, तर काहींनी १२ आणि ३. मनाप्रमाणे थांबणाऱ्यांच्या बैठकाही लांबल्या आणि ब्रेकही लांबले. ते जास्त थकले, त्यांचं लक्ष जास्त उडालं. घड्याळाप्रमाणे चालणाऱ्यांचं काम तेवढंच झालं, पण कमी वेळात. हे विद्यार्थी होते, व्यावसायिक नव्हते, हे लक्षात ठेवूनही मला यातली एक गोष्ट पटते: थकल्यावर थांबायचं ठरवलं की थांबायला उशीर झालेला असतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर आकड्यांच्या कामाला २५ मिनिटं, पत्र किंवा अहवाल लिहायला ४५. तुम्ही आठवडाभर दोन्ही करून बघा. आपल्याला कोणतं मानवतं ते चार दिवसांत कळतं.

## "समोर गिऱ्हाईक उभं असताना टायमर कसा लावू?"

खरी अडचण इथंच आहे. ही पद्धत शिकवणारे बहुतेकजण टेबलाशी एकट्याने बसून काम करणारे असतात. लहान व्यवसायात मालक हाच विक्रेता, हाच हिशेबनीस आणि फोन उचलणाराही हाच. त्याला "२५ मिनिटं फोन बंद ठेवा" म्हणणं म्हणजे गल्ला बंद ठेवा म्हणण्यासारखं आहे.

त्यासाठी आधी कामांचे दोन ढीग करा. एका ढिगात ती कामं, ज्यांत व्यत्यय हेच काम असतं: काउंटर सांभाळणं, फोनवर ऑर्डर घेणं, तक्रार घेऊन आलेल्याशी बोलणं. तिथं टायमर नको. दुसऱ्या ढिगात शांतपणे करायची कामं: कोटेशन, दर ठरवणं, खरेदीचं नियोजन, थकलेल्या पैशांचा पाठपुरावा, नवं डिझाइन, महिन्याचा हिशेब. ज्या कामासाठी कुणीतरी हाक मारतं ते दिवसा होतं. ज्यासाठी कुणीच हाक मारत नाही ते रात्रीवर पडतं, डोकं पार थकलेलं असताना. आणि धंद्यात पैसा उरणार की नाही, हे बरंचसं या दुसऱ्या ढिगात ठरतं.

म्हणून अख्खा दिवस टायमरवर चालवायच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्या ढिगासाठी दिवसातून दोन बैठका राखा, बस्स. कोणत्या वेळी, हे अंदाजाने ठरवू नका. फोनमधली कॉलची यादी उघडा, मागच्या दोन आठवड्यांचे कॉल तासातासाने मोजा. जवळजवळ प्रत्येक व्यवसायात एखादा तास असा निघतो की त्यात फोन तुरळक असतात, आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो.

त्या वेळात फोन आलाच तर? चिरिल्लोने सुचवलेली रीत अशी: मी कामात आहे हे सांगायचं, पुढची वेळ ठरवायची आणि त्या वेळी आपणच फोन करायचा. "दादा, आत्ता एका हिशेबात आहे. साडेअकराला मीच फोन करते, चालेल?" एवढ्याला पंधरा सेकंद लागतात. बहुतेक जण चालेल म्हणतात. "थोड्या वेळाने करते" आणि "साडेअकराला करते" यांत फार फरक आहे. पहिल्या वाक्यानंतर माणूस दहा मिनिटांनी पुन्हा फोन करतो, दुसऱ्यानंतर तो साडेअकराची वाट बघतो. साडेअकराला फोन गेलाच पाहिजे, हे वेगळं सांगायला नको. तो दोनदा चुकला की तिसऱ्यांदा तुमच्या शब्दावर कुणी थांबणार नाही.

दोघं असाल तर आळीपाळीने करा: एकाची बैठक चालू असताना दुसरा फोन आणि दार सांभाळेल. एकटे असाल तर मेसेजिंग ॲपची मदत घ्या. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ठरावीक वेळात आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. तिथं "लवकरच संपर्क करू" असं मोघम न लिहिता वेळ लिहा. मदतनिसालाही आधीच सांगून ठेवा की कुणाला लागलं, यंत्र बंद पडलं किंवा माल घेऊन गाडी दारात आली तर बेलाशक उठवायचं. बाकी सगळं २५ मिनिटं थांबू शकतं. हे वाक्य ऐकायला उद्धट वाटतं, पण स्वयंपाकघरात हात गुंतलेले असताना आपण फोन तेवढा वेळ वाजू देतोच ना?

राहता राहिला आतला व्यत्यय. बैठक सुरू झाली की सातव्या मिनिटाला आपलंच मन म्हणतं, अरे, अमक्याला बिल पाठवायचं राहिलं. त्याच्याशी भांडू नका. शेजारी एक चिठ्ठी ठेवा, तीन शब्द लिहा, परत कामाला लागा. टायमर वाजल्यावर चिठ्ठी बघितली की त्यातल्या निम्म्या गोष्टी तितक्याशा तातडीच्या नव्हत्या असं दिसतं.

## खरा उपयोग: आपल्या वेळाचं माप

सुरुवातीला म्हटलं तो निराळा उपयोग हा. लहान व्यवसायात मालाचं माप असतं, पैशांचं माप असतं, पण मालकाच्या स्वतःच्या वेळाचं माप नसतं. "एक दिवस जाईल" किंवा "दोन तासांचं काम आहे" एवढ्यावर कोटेशन दिलं जातं.

हा अंदाज सहसा कमीच निघतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली या खोडीला नियोजनाचा भ्रम असं नाव दिलं: आधीची अशीच कामं लांबली होती हे माहीत असूनही माणूस पुढच्या कामाचा अंदाज कमीच धरतो, कारण तो काम मनात सुरळीत पार पडताना बघतो. त्यावर उतारा म्हणजे कल्पना बाजूला ठेवून मागची नोंद बघणं. नोंदच नसेल तर बघणार काय?

बैठक हे ते माप आहे, तिचे तुकडे करायचे नाहीत तेही त्याचसाठी. एका वहीत तीन रकाने आखायचे: काम, अंदाजे बैठका, प्रत्यक्ष बैठका. माझ्या वहीतलं एक पान सांगते. एका व्यवसायाचा महिन्याचा हिशेब मी चार बैठकांचा धरला होता. लागल्या नऊ. मी मंद झाले की काय, असं आधी वाटलं. मग प्रत्येक बैठकीपुढे काय केलं तेही लिहायला लागले, तेव्हा कळलं की पाच बैठका नुसत्या पावत्या लावण्यात जात होत्या. फोटो उलटसुलट, तारखा पुसट, एकच पावती दोनदा. मी त्या व्यवसायाच्या मालकांना वही दाखवली आणि विनंती केली की दर आठवड्याला तारखेच्या क्रमाने पावत्या पाठवा. पुढच्या महिन्यात काम पाच बैठकांत आलं. माझा कामाचा वेग होता तेवढाच होता. बदललं ते एवढंच, की वेळ कुठं मुरत होता ते दिसलं.

अशी दोन महिन्यांची वही हाताशी असली की आणखी गोष्टी दिसू लागतात. ज्या गिऱ्हाइकाचं काम मोठं म्हणून आपण त्याला सांभाळतो, त्याच्या फेरफारांत किती बैठका जातात, ते कळतं. लहान वाटणारं काम प्रत्यक्षात जास्त देऊन जातं, हेही कळतं. आणि दिवसाला आपल्याकडे शांत कामाच्या बैठका निघतात तरी किती? माझ्या चांगल्या दिवशी आठ. आठ बैठका म्हणजे ३ तास २० मिनिटं. पहिल्यांदा हा आकडा बघून मला धक्का बसला होता, कारण मी आठ तासांच्या हिशेबाने लोकांना तारखा देत होते. त्या तारखा का चुकत होत्या, याचं उत्तर वहीत होतं.

## कामगारांच्या हातात घड्याळ द्यायचं का?

द्या, पण त्यांच्यावर लावू नका. घड्याळ आपल्यावर पाळत ठेवायला आणलंय, ही कामगारांची भीती उगाच नाही, तिला इतिहास आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी कामगाराची प्रत्येक हालचाल स्टॉपवॉचने मोजून काम ठरवण्याची पद्धत आणली. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी याच स्टॉपवॉचविरुद्ध काम बंद केलं. प्रकरण अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेलं आणि पुढं काही वर्षांत सरकारी शस्त्रागारांतल्या अशा वेळमोजणीवर बंदी आली.

आपला टायमर आणि टेलर यांचं स्टॉपवॉच यांच्यात फरक एकच आहे, पण तो मूळचा आहे: वाचतो कोण? वही ज्याची त्याच्यापाशी राहिली पाहिजे. मालकाने बैठका मोजून कुणाला जाब विचारला, की दुसऱ्या दिवसापासून वहीत खरं लिहिणं थांबतं आणि माप निकामी होतं. एखादं काम अंदाजापेक्षा जास्त लागलं तर विचारायचा प्रश्न आहे, "कुठं अडलं?" बहुतेक वेळा उत्तर मालकाच्याच अखत्यारीतलं निघतं: सामान वेळेवर आलं नाही, सूचना अर्धवट होत्या, दर दहा मिनिटांनी तुम्हीच हाक मारलीत.

## तंद्री लागली असताना उठायचं?

मन लागलेलं असतं, हात चालत असतो, आणि टायमर वाजतो. चित्र काढणाऱ्या, लिहिणाऱ्या, कोरीव काम करणाऱ्या माणसांचा हा आक्षेप मला मान्य आहे. अशा वेळी ओळ पुरी करा, रेघ पुरी करा, हवं तर पुढची बैठक जोडून घ्या. आकड्यांच्या कामात मात्र मी ही सवलत स्वतःला देत नाही, कारण तिथं तंद्री आणि गुंगी यांतला फरक आतून कळत नाही.

जिथं काम स्वतःच वेळ ठरवतं, तिथं त्याचंच ऐका. रंग वाळायला लागणारा वेळ, भट्टी तापायचा वेळ, यंत्राची एक फेरी, हीच तिथली बैठक.

## ब्रेकमध्ये करायचं काय

उठायचं. पाणी प्यायचं, लांबवर बघायचं, पाय मोकळे करायचे. त्या ५ मिनिटांत मेसेज उघडू नका. एखादी तक्रार वाचलीत तर डोकं नव्या रुळावर गेलं, आणि परत येताना ती तक्रार सोबत येणार.

उठण्याआधी अर्ध्या मिनिटाचं एक काम तेवढं करा. लरॉय आणि थेरेसा ग्लोम यांनी २०१८ साली दाखवलं की काम अर्धवट सोडावं लागताना आपण कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं हे लिहून ठेवलं, तर मागे रेंगाळणारं लक्ष सुटायला मदत होते. "मजुरी झाली. वाहतुकीचा नवा दर घालायचा आहे." एवढं पुरतं. सुरुवातीच्या त्या कोटेशनजवळ अशी एक ओळ असती तर गेल्या खेपेचा आकडा राहिला नसता.

## उद्या सकाळी

एकच बैठक. सगळ्यात जास्त दिवस रखडलेलं काम घ्या आणि ते मोठं असेल तर त्यातला २५ मिनिटांत मावेल एवढा तुकडा कागदावर लिहा. "हिशेब करणे" असं लिहू नका, "मार्चच्या खरेदीच्या पावत्या तारखेप्रमाणे लावणे" असं लिहा. फोन उलटा घालून हाताच्या अंतराबाहेर ठेवा. टायमर म्हणून फोन वापरायचा मोह होईल, त्यापेक्षा साधं गजराचं घड्याळ बरं.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन बैठका मोडतील. त्या मोडलेल्या बैठकाही फुली मारून वहीत लिहा: किती वाजता मोडली, कुणामुळे मोडली. आठवड्याच्या शेवटी ती यादी वाचा. एकाच वेळेला तीन फुल्या दिसल्या तर बैठक अर्धा तास पुढं सरकवा. तिन्ही फुल्या एकाच माणसामुळे असतील तर त्याच्याशी बोलून रोजची एक वेळ ठरवून टाका. आणि सगळ्या फुल्यांपुढे तुमचंच नाव असेल, तर पुढच्या आठवड्यात बैठक १५ मिनिटांची करा आणि तिथून वाढवत न्या.